सातव्या-आठव्या महिन्यात दूध येईल ना, या टेन्शनसाठी

आठवा महिना लागला तरी ब्रामध्ये एक थेंब दिसत नाही म्हणून खूप जणी घाबरतात, पण आधी गळणं न गळणं याचा नंतरच्या दुधाशी संबंध नसतो, छातीच्या साइजचाही नसतो. चीक, म्हणजे पहिलं घट्ट दूध, साधारण पाचव्या महिन्यापासूनच आत तयार व्हायला लागतो गं.

आत्ता करायचं काय, तर थायरॉइड, पीसीओएस, शुगर किंवा छातीचं ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टरांना आत्ताच सांगून ठेव, निप्पल आत असतील तर तेही दाखव. पिळून बघू नकोस, पंप तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

आणि घरच्यांना आत्ताच बजाव की बाळाला पहिल्या तासात छातीशी लावायचं, सिझर असलं तरी जमेल तितक्या लवकर, मध-साखरपाणी काही नाही. पहिल्या दिवशी चमचाभर चीक एका वेळेला पुरतो, भरपूर दूध दुसऱ्या ते चौथ्या दिवशी उतरतं, तोवर दिवसरात्र मिळून 8 ते 12 वेळा पाजत राहायचं कारण बाळ ओढेल तसंच दूध वाढतं. अळिवाचे लाडू खा की, पण पाजणं चुकवून नुसत्या लाडवांनी दूध वाढत नाही. पाचव्या दिवसानंतर 24 तासांत 6 तरी लंगोट ओले होत नसतील तर लगेच डॉक्टरकडे.