ॲन्जिओग्राफीनंतर पेशंटला पडून कसं ठेवावं

ॲन्जिओग्राफी (नळी घालून हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी) झाली की घरचे निम्मे चहाला जातात. खरं तर शेजारी बसणाऱ्याचं काम तेव्हाच सुरू होतं.

आधी नळी कुठून घातली ते विचारा. मनगटातून असेल तर सोपं: रक्त थांबवायला बांधलेला पट्टा सिस्टर हळूहळू सैल करतात, पेशंट उठून बसतो. फक्त त्या हातावर भार द्यायचा नाही, मनगट वाकवायचं नाही.

जांघेतून असेल तर बहुधा चार ते सहा तास उताणं, पाय सरळ. नेमके तास डॉक्टर सांगतील. तिथली रोहिणी (हृदयाकडून रक्त नेणारी वाहिनी) मोठी असते आणि पाय दुमडला की बुजत आलेलं छिद्र पुन्हा उघडू शकतं. डोकं उचललं तरी पोटाचा ताण तिथंच येतो. कागल-राधानगरीहून पाहुणे आले की आपला माणूस रामराम घालायला अर्धा उठतो, तिथंच घोळ होतो. खोकला-शिंक आली तर ड्रेसिंगवर तळवा दाबून धरा. लघवी भांड्यातच, लाज बाजूला ठेवायची.

ड्रेसिंग वरून कोरडं दिसलं म्हणून निर्धास्त राहू नका. उताण्या माणसाचं रक्त खाली ओघळतं, म्हणून अधूनमधून मांडीखाली हात घालून ओल लागते का बघा. जांघेत सूज, पाऊल गार किंवा बधिर, पाठीत-कमरेत नवीन दुखणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच सिस्टरला हाक मारा.

तपासणीत रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून सोडलेला डाय (औषधी द्रव) लघवीवाटे जातो, म्हणून स्ट्रॉने पाणी पाजा. हार्ट फेल्युअर किंवा किडनीचा त्रास असेल तर किती ते विचारूनच. शुगरची मेटफॉर्मिन कधी चालू करायची, हेही विचारा.

घरी गेल्यावर आठवडाभर दुधाची किटली, वैरणीचा भारा, गाडीची किक बंद. उकिडवं बसू नका, कमोडची खुर्ची वापरा. डॉक्टर म्हणतील तेव्हा तांब्याने अंघोळ चालेल. रंकाळ्यात, पंचगंगेत पोहणं मात्र नाही.

घरी रक्त आलंच तर पेशंटला आडवं करा आणि स्वच्छ कापडाने, जांघेत टोचल्या जागेच्या जरा वर, दहा मिनिटं घट्ट दाबा. मध्ये उचलून बघू नका. धार लागली असेल किंवा थांबत नसेल तर दाब न सोडता दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. मोटरसायकलवर मध्ये बसवून नेऊ नका.