सोलापूरहून कॅम्परव्हॅनचा पहिला लांबचा प्रवास : सरत्या हिवाळ्यातील आखणी

कॅम्परव्हॅनच्या, म्हणजे झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीच्या, पहिल्या लांबच्या प्रवासाची आखणी रात्रीच्या मुक्कामांपासून सुरू करावी. फेब्रुवारीत सोलापूरला सूर्यास्त साडेसहाच्या सुमारास होतो. म्हणून पाच वाजता गाडी ठरलेल्या जागी उभी राहील एवढेच अंतर एका दिवसासाठी धरावे. आपल्या भागात याला आणखी एक सबळ कारण आहे. या दिवसांत साखर कारखान्यांचा गाळप हंगाम चालू असतो आणि अंधार पडल्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर, अनेकदा मागच्या दिव्याशिवाय आणि रिफ्लेक्टरशिवाय, रस्त्यावर असतात. समोरच्या वाहनाचा झोत डोळ्यांवर आला की ट्रॉलीबाहेर आलेला ऊस दिसतच नाही. उंच, जड गाडी नवख्या हाताने अशा वेळी चालवू नये, मग मुक्काम दहा किलोमीटरवर का असेना.

मार्ग म्हणून मी दक्षिणेची वाट सुचवीन. राष्ट्रीय महामार्ग ५२ने विजयपूर (विजापूर) सुमारे १०० किलोमीटर आहे. तेथे पहिली रात्र काढावी आणि १६५६ साली पूर्ण झालेला गोलघुमट दुसऱ्या दिवशी सकाळी गर्दी होण्याआधी पाहावा. पुढे बदामी सुमारे सव्वाशे किलोमीटर. तेथे दोन रात्री राहिल्यास चालुक्यांची लेणी आणि जवळचे पट्टदकल घाई न करता पाहून होते. नंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास हंपी, तेथेही दोन रात्री. परतीचा हंपी ते विजयपूर हा टप्पा दोनशेहून अधिक किलोमीटरचा, सर्वांत लांब आहे, परंतु तोपर्यंत गाडीवर हात बसलेला असतो. पंढरपूरच्या बाजूने जायचे असेल, तर माघी एकादशीच्या आसपासचे दिवस टाळावेत.

मुक्कामासाठी मोठे आवार असलेल्या हॉटेलशी किंवा घरगुती निवासाशी आधी फोनवर बोलून घ्यावे. फाटकाची आणि वरच्या कमानीची उंची किती, जमीन सपाट आहे का, रात्री शौचालय वापरता येईल का आणि विजेची जोडणी मिळेल का, हे स्पष्ट विचारावे. स्वतःच्या गाडीची उंची, टपावरील सौर पॅनेल धरून, मोजून चालकाच्या समोर चिकटवून ठेवावी. रेल्वेखालच्या भुयारी मार्गांपाशी ती लागते.

सरत्या हिवाळ्याची खरी अडचण थंडी ही नाही. पहाटेचा गारवा आणि दुपारचे ऊन यांतील तफावत ही आहे. फेब्रुवारीच्या अखेरीस दुपारी पारा ३५ अंशांच्या जवळ जातो, पत्रा तापतो आणि फ्रिज जास्त वीज खातो. माणसांना सावली हवी असते, तर सौर पॅनेलला ऊन. म्हणून दुपारची विश्रांती गाडीत न घेता झाडाखाली घ्यावी आणि गाडी उन्हात राहू द्यावी, मात्र गॅसची टाकी तापणार नाही याकडे लक्ष असावे. १२ व्होल्टच्या, १०० अँपिअर-तासांच्या साध्या लेड-ॲसिड बॅटरीतून निम्मीच वीज काढावी, म्हणजे सुमारे ६०० वॉट-तास. त्यात दिवे, पंखा आणि मोबाइल भागतात, इंडक्शन शेगडी भागत नाही. टायरमधील हवा सकाळी टायर थंड असतानाच तपासावी, कारण तापलेल्या टायरमधील दाब वाढलेला दिसतो आणि तो पाहून हवा कमी केली, तर पहाटे ती अपुरी ठरते.

रात्री गारठा वाटला म्हणून सगळ्या खिडक्या बंद करू नयेत. श्वासातील वाफ थंड पत्र्यावर साचून अंथरूण ओलसर होते. समोरासमोरच्या दोन खिडक्या दोन बोटे उघड्या ठेवाव्यात आणि अंगावर एक सोलापुरी चादर जास्त घ्यावी. गाडीत ऊब आणण्यासाठी कोळशाची किंवा गॅसची शेगडी कधीही पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेत त्याची चाहूल लागत नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाल्यास तळाशी साचतो, म्हणून जमिनीलगतचा झरोका सामानाने झाकला जाणार नाही हे पाहावे आणि झोपण्यापूर्वी टाकीचाच नॉब बंद करावा.

पाण्याचा हिशेब सोलापूरकरांना नव्याने शिकवावा लागत नाही. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या घरांत तो अंगवळणी पडलेला असतो. माणशी दिवसाला १५ लिटर धरावे, पिण्याचे पाणी वेगळे ठेवावे. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो वजन, हे ब्रेक लावताना जाणवते. कडक भाकरी आणि शेंगाचटणी बरोबर असली की एका वेळचा स्वयंपाक, भांडी आणि पाणी हे सगळेच वाचते.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. भाड्याच्या गाडीचा कर्नाटकात चालणारा परवाना आणि विमा मालकाकडून आधीच पाहून घ्यावा. स्वतःच्या गाडीत फेरफार केला असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार त्याला आरटीओची मान्यता लागते.

निघण्याच्या आठवडाभर आधी एक रात्र अक्कलकोट किंवा तुळजापूर येथे गाडीतच काढावी. तुळजापूरला जाताना घाटात पूर्ण भरलेली गाडी कशी चढते आणि उतारावर खालचा गिअर कधी लागतो, हे कळते. घरी परतल्यावर जे सामान त्या रात्री हाताला लागलेच नाही ते खाली उतरवावे, सांडपाण्याची टाकी घरच्या मोरीत रिकामी करून धुवावी आणि जे शोधावे लागले त्याची जागा बदलावी.