नाग नदीपासून समुद्रापर्यंत: ग्लासातली खाडी

नागपूरच्या मुलांना समुद्र शिकवायचा तर सुरुवात नाग नदीपासून करा. नकाशावर त्यांनाच बोट फिरवू द्या: नाग, कन्हान, वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी आणि बंगालचा उपसागर. मग नदीच्या मुखाशी काय होतं ते काचेच्या ग्लासात दाखवा.

९६५ मिली पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवा. समुद्राचा खारटपणा साधारण एवढाच. मीठ वजन करूनच घ्या, कारण खडेमीठ आणि बारीक मीठ चमच्यात सारखं भरत नाही. पाणी गढूळ दिसलं तर निवळू द्या. खारं आणि गोडं, दोन्ही पाणी रात्रभर वर्गातच ठेवा. उन्हाळ्यात टाकीचं पाणी इतकं तापतं की फरक मिठाचा की उष्णतेचा, हेच कळत नाही.

अर्धा ग्लास खारं पाणी भरा. गोड्या पाण्यात खायचा निळा रंग घालून ते चमच्याच्या पाठीवरून अगदी सावकाश ओता. घाई केली की थर मिसळतात. निळा थर वर राहिला, की पाला माशाबद्दल सांगा: तो वाढतो समुद्रात, पण अंडी घालायला गोदावरीत चढतो. दोन्ही पाणी सोसणारं हे शरीर खरंच विलक्षण आहे!

दुसऱ्या ग्लासात क्रम उलटा करा. खारं पाणी तळाकडे धावतं.