बोटाच्या पेराएवढी मोटर कशी शोधावी

खेळण्यातला सरपटणारा किडा, तळहातावर मावणारी गाडी असं काही करायला घेतलं की खेळण्यातली नेहमीची १३० नंबरची मोटरसुद्धा अवजड वाटू लागते. तिची लांबी साधारण २५ मिमी असते. त्याहून लहान मोटरी भरपूर आहेत, पण शोधाला लागण्याआधी एक गोष्ट ठरवा: मोटरने करायचं काय? नुसतं थरथरायचं, वेगाने फिरायचं, वजन ओढायचं, की मोजून सरकायचं? मोटर लहान होत गेली की तिचा वेग टिकतो, जोर मात्र झपाट्याने कमी होतो. बहुतेक छोटे प्रकल्प इथेच अडतात.

थरथरायचं असेल तर मोबाइलमधली नाण्यासारखी चपटी मोटर घ्या. व्यास साधारण १० मिमी, जाडी ३ मिमीच्या आसपास. हलका पंखा फिरवायचा असेल तर छोट्या ड्रोनची कोअरलेस (आत फिरणारा लोखंडी गाभा नसलेली) मोटर उत्तम. तिच्या नंबरातच माप असतं: ७१६ म्हणजे ७ मिमी व्यास आणि १६ मिमी लांबी, ८५२० म्हणजे ८.५ मिमी आणि २० मिमी. पण या मोटरीला थेट चाक लावू नका. चाक जमिनीला टेकलं की ती अडते आणि बघता बघता तापते. चाकांसाठी एन२० ही गिअर लावलेली मोटर मागवा. तिचा गिअरबॉक्स १२ मिमी रुंद आणि १० मिमी उंच असतो. मागवताना व्होल्टेजबरोबर मिनिटाला किती फेरे हेही पाहा. त्याच व्होल्टेजच्या दोन एन२० मोटरींत फेरे कमी असलेली जास्त ओढते.

विकत घेण्याआधी घरातल्या बंद पडलेल्या वस्तू उघडून बघा. मला तर हाच भाग सगळ्यात आवडतो. जुन्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये बहुधा तीन मोटरी सापडतात: ट्रे बाहेर ढकलणारी साधी डीसी (सेल जोडला की फिरणारी), चकती फिरवणारी ब्रशलेस (वेगळं सर्किट लागणारी) आणि लेझरचं डोकं सरकवणारी. ही तिसरी अनेकदा बारीक स्क्रू बसवलेली स्टेपर, म्हणजे ठरावीक पावलांनी फिरणारी मोटर असते. मोजून सरकायचं असेल तर तीच जपून काढा. गेमच्या रिमोटमध्ये वजन लावलेल्या मोटरी असतात, आणि एसजी९० सर्वोच्या (सांगितलेल्या कोनात फिरून थांबणाऱ्या छोट्या यंत्राच्या) पोटात गिअरसकट एक चिमुकली डीसी मोटर असते. फ्लॅशचा कॅमेरा मात्र अनुभव नसेल तर उघडू नका. त्यातल्या कपॅसिटरमध्ये बॅटरी काढल्यावरही सुमारे ३०० व्होल्ट साठून राहू शकतात.

मोबाइल उघडलात तर आधी बॅटरी सोडवा. तिला स्क्रूड्रायव्हरचं टोक लागू देऊ नका. चपटी मोटर चिकटपट्टीने बसवलेली असते. माझी पहिली मोटर मी नखाने उचकटली आणि तिच्या केसाएवढ्या दोन्ही वायरी मुळातून तुटल्या. तिथे डाग द्यायला (सोल्डर करायला) जागाच उरत नाही. आता मी मोटरीखाली शिवणाचा दोरा घालून करवतीसारखा मागेपुढे ओढतो. चिकटपट्टी सावकाश कापली जाते. मोटर सुटली की वायरी जिथून निघतात तिथे हॉट ग्लूचा थेंब लावायचा.

मग १.५ व्होल्टचा सेल जोडून बघा. सलग घुरघुरली तर साधी डीसी. जोडताना एकदाच टक् करून गप्प झाली, तर ती आत वजन मागेपुढे हलवणारी दुसऱ्या जातीची असण्याची शक्यता आहे. तिला सेकंदाला दीडशे-दोनशे आवर्तनं करणारा उलटसुलट प्रवाह लागतो. तिला चालवणारं स्वतंत्र सर्किट (ड्रायव्हर) नसेल तर ती बाजूला ठेवा.

आता मल्टिमीटरने मोटरीचा रोध (रेझिस्टन्स) मोजा. शाफ्ट (मोटरीचा फिरणारा दांडा) हाताला लागत असेल तर तो हळूहळू फिरवत तीन-चारदा मोजा आणि सर्वांत कमी आकडा धरा. समजा ३० ओहम आला. ३ व्होल्टवर मोटर अडली तर १०० मिलिअँपिअर ओढेल. मोटर चालवायला आर्डुइनो उनो आर३ हा प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड वापरलात, तर त्याची एक पिन फार तर ४० मिलिअँपिअर सोसते. म्हणून मध्ये पिनच्या छोट्या प्रवाहाने मोटरीचा मोठा प्रवाह चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर हवाच, आणि मोटर बंद होताना उसळणाऱ्या व्होल्टेजपासून वाचवायला मोटरीला उलटा जोडलेला डायोडही. मोटर फिरताच बोर्ड रिसेट होत असेल तर मोटरीच्या दोन टोकांवर ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावून पाहा.

याहून लहान मोटर हवी असेल तर हौशी काम सहसा गिअर आणि शाफ्टवर अडतं. ०.८ मिमीच्या शाफ्टवर बसणारं गिअर मिळवणं मोटर मिळवण्यापेक्षा अवघड. म्हणून मोटर काढताना तिचं गिअरही घ्या. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी १९५९ मध्ये इंचाच्या चौसष्टाव्या भागाएवढ्या बाजूच्या घनात मावणारी मोटर बनवण्याचं आव्हान दिलं होतं. पुढच्याच वर्षी विल्यम मॅकलेलन या इंजिनिअरने ती हाताने बनवून दाखवली. भिंग आणि चिमटा घेऊन बसलं की ही गोष्ट मला हटकून आठवते.

काढलेली प्रत्येक मोटर वेगळ्या पुडीत ठेवा आणि त्यावर कशातून काढली, किती व्होल्टवर चालवली, रोध किती आला आणि शाफ्टचा व्यास किती, एवढं त्याच दिवशी लिहा.