माडावरून पडलेल्याला उचलण्याआधी
आधी त्याला बसवू नका. मानेखालच्या 12 मणक्यांना बरगड्यांचा आधार असतो. तरीही मणका सरकला, म्हणजे मार जबरदस्त. तिथली मज्जारज्जूची पोकळी अरुंद, त्यामुळे जरासं वाकवणंही महागात पडतं. 108 ला फोन करा. पायाची बोटं हलतात का, स्पर्श कळतो का, वेळेसह लिहून ठेवा.

उलटी झाली तर कुशीवर वळवावंच लागतं. चौघं हवीत: एकाने डोकं-मान धरायची, बाकीच्यांनी खांदा, कंबर, पाय. हुकूम डोक्याकडच्याचाच; सगळं अंग एकदम, ओंडक्यासारखं वळलं पाहिजे. एकटे असाल तरी वळवा, श्वास आधी. अंगावर गोधडी घाला. पाणी नको, शस्त्रक्रिया लागू शकते. रिक्षात दुमडून बसवणं तर नकोच नको. अर्धवट दुखावलेला मज्जारज्जू तिथे पुरता चिरडू शकतो.