गाल उचलला की टर्की गेली

भाचा टेक्सासात असतो. एप्रिलात रात्री त्याचा फोन आला, "मामा, तीस पावलांवर टर्की उभी होती. बार काढला, आणि गेली की उडून!"

मी कोल्हापुरात पोरांना एअर रायफल शिकवतो. टर्की फक्त फोटोत बघितलेली, आणि इथं रानपाखरावर बंदूक रोखली तर वनखातं थेट आत टाकेल. तरी म्हटलं, मित्रानं काढलेला व्हिडिओ असेल तर पाठव.

बघितलं तर बार व्हायच्या आधीच भाचेसाहेबांची मान वर! पाखरू पडलं का बघायची घाई. बंदुकीच्या मागच्या दस्त्यावरून गाल उचलला की डोळा वर जातो आणि छरे पाखराच्या डोक्यावरनं जातात. आमची पोरंही मॉनिटरवरचा आकडा बघायला हेच करतात. पण 10 मीटरवर दहाचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा, तिथं चोरी लगेच पकडली जाते.

त्याला दिलेला गृहपाठ असा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेव. बंदूक रिकामी आहे हे दोनदा बघ, चेंबरमध्ये बोट घालून. मग डमी काडतूस घालून सराव. गाल आणि दस्ता यांच्यामध्ये कागदाचा कपटा धरायचा. आमच्याकडं केएमटी बसचं तिकीट असतं. चाप हळू दाबत न्यायचा, आणि 'टक' झाल्यावर मनात तीन मोजेपर्यंत तिकीट पडता कामा नये. नळीवर नेम धरायचे दोन मणी असतील तर ते इंग्रजी 8 सारखे एकमेकांना चिकटून दिसले पाहिजेत. मध्ये फट दिसली की गाल वर आहे.

"पण मामा, छरे पसरतात की!" पसरतात, पण टर्कीच्या शिकारीची नळी तोंडाशी आवळलेली, जवळून झोत मुठीएवढाच. म्हणून मोठ्या कागदावर डोकं-मान काढून 20, 30, 40 यार्डांवर एकेक बार टाक. जिथं मानेत छरे विरळ झाले, ते अंतर सोडून दे. नेम उघडी मान संपून पिसं सुरू होतात तिथं. पिसारा फुलवलेला असताना मान आखडलेली असते, तेव्हा थांब. आवाज दे, मान ताठ करू दे.

बसताना पाठीशी खांद्यापेक्षा रुंद झाड, नळी गुडघ्यावर. अंगावर लाल, पांढरं, निळं काही नको. नर टर्कीच्या डोक्याचे तेच रंग. झाडीतला दुसरा शिकारी तुझ्यावरच नेम धरायचा.

परवा फोन होता. तिकीट पडायचं थांबलंय म्हणे. टर्कीबद्दल अजून अवाक्षर नाही.