कादंबरी, डायलिसिस आणि एकादशी: तिन्हींची खाती वेगळी कशी ठेवावीत

आईचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा माझ्या दुसऱ्या कादंबरीची नव्वदेक पानं झाली होती. मी आळंदीला जाऊन बोलून आले, ‘आईचं क्रिएटिनिन खाली येईपर्यंत लिहिणार नाही.’ क्रिएटिनिन म्हणजे किडनीने रक्तातून बाहेर टाकायचा कचरा. सात महिने एक ओळ लिहिली नाही. क्रिएटिनिन डायलिसिसनंतर खाली येतं आणि पुढच्या खेपेपर्यंत परत चढतं, हे मला ठाऊक नव्हतं. शेवटी आईच वैतागली. “अगं, माउलींना काय करायचीय तुझी कादंबरी? आणि माझ्या किडनीचं खापर तिच्यावर कशाला?”

तेव्हा पहिलं हे, की नवसात लिखाण घालू नका. बोलायचाच तर पेढ्यांचा बोला.

आता वेळेचं. आईचं डायलिसिस मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी सहाची पाळी, चार तास. धायरीहून सव्वापाचला निघतो. सुरुवातीचा अर्धा तास सुया टोचण्यात जातो. शेवटच्या तासाभरात तिचं बीपी उतरतं, पायांत गोळे येतात, तेव्हा लक्ष तिकडेच हवं. मधले दोन-सव्वादोन तास आपले. त्यात नवं प्रकरण सुरू करायच्या भानगडीत मी पडत नाही. संवाद घासूनपुसून घेते, पात्रांची वयं जुळतात का बघते. अप्पा बळवंत चौकातून आणलेली दोनशेपानी वही आणि पेन, बस. मोबाइल पिशवीत. तो हातात असला की मामेबहीण हळदीचा काढा पाठवते.

जड लेखन बुधवारी आणि शुक्रवारी पहाटे. आदल्या दिवशी मशीन झालेलं असतं, आई त्यातल्या त्यात बरी असते. सोमवारी मात्र काहीच ठरवू नका. शनिवारनंतर थेट मंगळवार, म्हणजे अंगात पाणी सगळ्यात जास्त साठायचा काळ तोच. धाप, पायांवर सूज. त्या रात्री मी झोपते कमी आणि ऐकते जास्त.

पाण्याचा हिशेब डोक्यात ठेवला तर दुसरं काही डोक्यात राहत नाही. डॉक्टरांनी जेवढं सांगितलंय तेवढं पाणी सकाळीच एका बाटलीत भरून ठेवा. चहा झाला की कपभर त्यातून ओतून टाका. आमटी, ताक, गोळ्यांबरोबरचा घोट, सगळं त्याच बाटलीतून वजा. संध्याकाळी बाटली बघितली की कळतं, आणि आईशी वाद घालावा लागत नाही.

झोपायच्या आधी तिच्या डाव्या मनगटावरच्या फिस्चुलावर, म्हणजे डायलिसिसच्या सुयांसाठी शीर आणि धमनी जोडून केलेल्या जागेवर, दोन बोटं ठेवते. आत बारीक घरघर लागते. आई त्याला ‘माझं जातं’ म्हणते. जातं फिरतंय ना, मग झोप. थांबलंय असं वाटलं तर सकाळची वाट बघायची नाही, तडक हॉस्पिटल. त्या हाताला बीपीचा पट्टा नाही, घट्ट बांगडी नाही, भाजीची पिशवीसुद्धा नाही.

एकादशीवरून आमच्याकडे खरी लढाई झाली. आई माळकरी, पन्नास वर्षांत उपास मोडला नव्हता. आणि उपासाचं ताट म्हणजे बटाटा, रताळं, शेंगदाणे, खजूर, केळं: पोटॅशियमची जत्राच. किडनी ते बाहेर टाकत नसेल तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. त्यात सैंधव चालतं ही समजूत. सैंधव म्हणजे मीठच की. आमच्या आहारतज्ज्ञ बाईंनी वाटीभर वरीचे तांदूळ मान्य केले, दाण्याची आमटी नाही. बटाटा खायचाच तर बारीक चिरून भरपूर पाण्यात उकडून, ते पाणी फेकून, आणि तोही चवीपुरता. तुमच्या घरचं प्रमाण तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. उरलेल्या एकादशीच्या जागी आईने हरिपाठ घेतला. तो तिचा होईपर्यंत माझं अर्धं पान होतं. मी शेजारीच बसते, पण म्हणत नाही. माझा विश्वास रोज सारखा नसतो, आणि त्याची नोंद मी ठेवत नाही.

पालख्या पुण्यात आल्या की रस्ते बंद. मुक्काम दोन रात्रींचा, माउली भवानी पेठेत आणि तुकोबा नाना पेठेत. त्या आठवड्याची पाळी आठ दिवस आधी युनिटमध्ये बोलून बदलून घ्या. आम्ही एकदा नाही घेतली आणि रिक्षात दीड तास बसलो. त्या दिवसांत कादंबरीचं नावही काढू नये.

मध्यंतरी एक गंमत झाली. माझी पात्रं एकामागून एक आजारी पडायला लागली. गिरणीवाला, त्याची सून, शेवटी वाड्यातलं मांजरसुद्धा. सगळं खोडलं. आजारपणाची वही वेगळी केली: वजन, बीपी, रडारड, हॉस्पिटलच्या बिलाची चीड, सगळं त्यात.

प्रकरण झालं की आईला वाचून दाखवते. तिला जिथे डुलकी लागते तिथे पेन्सिलीने फुली. मात्र बुधवारी नाहीतर शुक्रवारीच वाचावं. मंगळवारी झोपली तर तो मशीनचा थकवा, मजकुराचा दोष नव्हे.